पाण्यात पाय टाकला की मासे गायब: ओढ्यात वर चालायचं की खाली?

काठावर उभे असताना सगळं जागच्या जागी असतं. डोहाच्या शेवटाला दोन-तीन मासे दिसतात, पाण्यावर वलयं उठत असतात, एखादा ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला मासा) वर येऊन किडा टिपतो आणि परत आपल्या जागी जाऊन थांबतो. मग आपण पाण्यात उतरतो. वीसेक पावलं जाईपर्यंत वलयं थांबलेली असतात. फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, बदलून बघतो, टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला शेवटचा धागा, आणखी बारीक लावतो, कास्ट, म्हणजे फ्लायची फेक, लांबवतो. काही होत नाही. पुढच्या डोहावर तेच, आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच.

फ्लाय फिशिंग शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा त्रास होतो. मला तो सलग दोन हंगाम झाला, आणि त्या दोन हंगामांत मी फ्लायच्या डब्यावर जितका विचार केला त्याच्या दहावा हिस्साही पायांवर केला नाही. कुठून उतरलो, कुठल्या दिशेने चाललो, किती घाई केली, हे आधी तपासायला हवं होतं.

घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा: लहान, नितळ ओढ्यात ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) किंवा निम्फ (पाण्याखालच्या, अजून पंख न फुटलेल्या किड्यासारखी) वापरत असाल तर खालून वर, म्हणजे धारेविरुद्ध चाला. मोठ्या नदीत वेट फ्लाय (पाण्याखाली बुडणारी) किंवा स्ट्रीमर (छोट्या माशासारखी दिसणारी) धारेत फिरवून मासे धरायचे असतील तर वरून खाली चाला. पण एवढ्यावर थांबलात तर त्रास निम्माच कमी होईल. कारण ‘वर’ आणि ‘खाली’ हे आपण नदीकडे बघून ठरवतो, मासा मात्र फक्त त्याच्या नाकावर येणारं पाणी बघून उभा असतो. ही दोन्ही पाणी दर वेळी एकाच दिशेला वाहत नाहीत.

मासा कुठे बघत असतो

वाहत्या पाण्यातला मासा धारेकडे तोंड करून थांबतो. तसं थांबलं की कल्ल्यांतून पाणी आपोआप जातं, शरीराला कमीत कमी रेटा बसतो आणि खाणं वाहत तोंडाशी येतं. त्यामुळे तुम्ही खालच्या अंगाने आलात तर त्याच्या शेपटीमागून येता, वरच्या अंगाने आलात तर थेट त्याच्या डोळ्यांसमोर.

ट्राउटचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून त्याला आजूबाजूचं जवळपास सगळं दिसतं. न दिसणारा भाग उरतो तो शेपटीमागचा, ढोबळमानाने ३० अंशांचा. सहा मीटरवर हा पट्टा जेमतेम तीन मीटर रुंद भरतो. म्हणजे ‘मागून आलो’ एवढं पुरत नाही. तिरके सरकत गेलात तर दोन पावलांत त्या पट्ट्याबाहेर पडता.

पाण्याबाहेरचं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून ही खिडकी सुमारे ९७ अंशांची असते आणि तिची रुंदी माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट असते. ३० सेंटिमीटर खोल असलेल्या माशाला साधारण ६८ सेंटिमीटर रुंद खिडकी मिळते, एक मीटर खोल असलेल्याला सव्वादोन मीटर. खिडकीबाहेर त्याला पाण्याच्या पृष्ठभागाच्या खालच्या बाजूला तळाचं प्रतिबिंब दिसतं, आरशासारखं. कामाची गोष्ट ही की जे पाण्यापासून खूप कमी उंचीवर आहे ते खिडकीच्या कडेला चेपून, अंधूक दिसतं. पाण्याच्या पातळीपासून १० अंशांच्या आत राहिलात तर तुम्ही त्याच्या नजरेत फारसे भरत नाही. नऊ मीटरवर हे १० अंश म्हणजे सुमारे दीड मीटर उंची. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस तेवढ्यात बसतो. सहा मीटरवर तीच मर्यादा एक मीटरवर येते, मग वाकावं लागतं. चार मीटरवर गुडघे टेकूनच काम होतं.

आणि डोळ्यांखेरीज त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते, जिच्यातून त्याला पाण्याचा बारीकसा दाबही जाणवतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून अधिक. तुमचं बोलणं हवेतून पाण्यात फारसं उतरत नाही, त्यामुळे शेजारच्याशी हळू आवाजात बोलायला हरकत नाही. पण बुटाखाली दोन गोटे एकमेकांवर घासले की तो आवाज पाण्यातच जन्मतो.

आधी ओळखा: मासा कसा गेला

उपाय शोधण्याआधी मासा नेमका कसा गेला ते बघा. पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारा, चष्मा घातला नसेल तर हे दिसणारच नाही, तेव्हा तो आधी घाला.

तुम्ही बरेच लांब असताना, कास्ट करायच्या आधीच, एक मासा बाणासारखा वर पळाला आणि पाठोपाठ बाकीचे गेले, तर तुमची लाट किंवा पायांचा आवाज पोचला, नाहीतर डोहाच्या शेवटाच्या माशाने इतरांना उठवलं. मासा पळाला नाही, फक्त हळूच तळाला बसला आणि वर येणं थांबलं, तर गाळ, सावली किंवा ओढली जाणारी फ्लाय यांपैकी काहीतरी त्याने बघितलं. कास्ट पाण्यावर पडताक्षणी पळाला, तर लाइन, म्हणजे फ्लाय फेकायची जाड दोरी, त्याच्या डोक्यावरून गेली. आणि फ्लाय सुरेख वाहत आली, माशाने वर येऊन नाक लावलं आणि परत फिरला, तर दिशेत दोष असेलच असं नाही. तिथे फ्लायचा आकार, टिपेट आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक ओढ तपासा.

आता एक साधी परीक्षा. मासे नसलेल्या जागी तळाला बुटाने ढवळा आणि निघालेला गाळाचा पट्टा किती लांब जातो ते बघा. पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल तर तुमच्या पायाखालचा गाळ २० सेकंदांत १० मीटर खाली पोचतो. खाली चालताना तुम्ही पाण्यापेक्षा हळूच चालता, म्हणजे तुमचा गाळ कायम तुमच्या पुढे, फ्लाय पोचायच्या आधी माशाच्या तोंडाशी. वर चालताना तोच गाळ तुमच्या मागे जातो आणि पुढचं पाणी तुम्ही न आल्यासारखं राहतं. बारीक माती आणि कुजकी पानं तळाशी असलेल्या संथ ओढ्यात हे एकच कारण दिशा ठरवायला पुरेसं आहे. धुतलेल्या गोट्यांच्या तळाला मात्र गाळ जवळजवळ निघत नाही, तिथे खाली चालण्याची शिक्षा खूपच कमी.

वर चालतोय, तरीही पळतात

सगळ्यांत जास्त प्रश्न इथेच येतात, कारण ‘वर चाला’ हा सल्ला प्रत्येकाने ऐकलेला असतो.

पहिला गुन्हेगार डोहाची शेपटी. डोह संपतो तिथे पाणी उथळ होतं, सपाट काचेसारखं दिसतं आणि मग खालच्या खळाळात पडतं. त्या उथळ काचेत मासे हमखास असतात, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी, कारण डोहातलं सगळं खाणं तिथे आटोपशीर जागेत गोळा होऊन येतं. आपली नजर डोहाच्या तोंडाशी, जिथे फेसाळ धार आत शिरते तिथे खिळलेली असते. खालून वर येताना आपण पहिलं पाऊल टाकतो ते नेमकं या शेपटीत. तिथला मासा दचकतो आणि पळतो वर, डोहाच्या मध्यातून. बाकीचे सगळे त्याच्याबरोबर उठतात. तुम्ही अजून लाइन सोडलेलीही नसते.

उपाय असा की डोहात शिरण्याआधी खालच्या खळाळातच थांबा. खळखळत्या पाण्यात तुमचे पाय, तुमची आकृती आणि आवाज तिन्ही लपतात. तिथून आधी शेपटीतल्या माशांवर कास्ट करा, मग एकेक मीटर वर सरका. यात एक अडचण येते आणि ती लोकांना वैताग आणते: शेपटीच्या कडेवर पाणी एकदम वेग घेतं. तुमची लाइन त्या वेगवान कडेवर पडली की ती फ्लायला फरफटत ओढते. फ्लायच्या मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ उठली की समजा, बिघडलं. अशा वेळी कास्ट लांबवू नका, उलट आणखी जवळ जा, सहा मीटरांच्या आत. गुडघ्यांवर बसा, रॉड उंच धरा आणि लाइन पाण्यावर टेकूच देऊ नका, फक्त लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला बारीक होत जाणारा धागा, पाण्यावर राहू द्या. कडेला पाण्याबाहेर आलेला एखादा गोटा असेल तर लाइन त्याच्यावर पडू द्या. गोटा लाइन धरून ठेवतो आणि फ्लाय तेवढी सुटी वाहते. ही युक्ती मला फार उशिरा कळली. आता मी शेपटीशी आलो की आधी तसा गोटा शोधतो.

दुसरं कारण तुमची लाट. संथ, खोल डोहात धारेविरुद्ध चालताना मांड्यांपुढे पाण्याचा फुगवटा तयार होतो आणि तो पुढे सरकतो. वेगवान पाण्यात धार ती लाट मोडते, संथ पाण्यात ती थेट माशापर्यंत जाते. अशा डोहात ‘वर चाललो म्हणजे सुरक्षित’ हे खोटं आहे. पाऊल उचलून पाण्याबाहेर काढू नका, पृष्ठभागाखालीच सरकवा. बोटं आधी टेकवा, गोटा हलत नाही याची खात्री करा, मगच भार टाका. तुमच्यापुढे लाट दिसली तर थांबा आणि ती विरेपर्यंत उभे राहा. मी संथ डोहात एका पावलाला चार-पाच सेकंद देतो. आणि खरं सांगायचं तर तसल्या डोहात उतरायलाच नको. काठावर झुडपाआड बसून काम होत असेल तर पाय कोरडे ठेवलेलेच बरे.

तिसरं, लाइन डोक्यावरून जाणं. मासा तुमच्या बरोबर सरळ पुढे असेल आणि तुम्ही सरळ वर कास्ट केलंत, तर फ्लाय त्याच्यापुढे पडण्यासाठी लाइन त्याच्या पाठीवरूनच जाणार. जाड, रंगीत लाइन त्याच्या खिडकीत पडली की खेळ संपला. म्हणून सरळ खाली न राहता थोडं बाजूला राहा आणि धारेला साधारण ४५ अंशांत, वर आणि आडवं कास्ट करा. मग लाइन माशाच्या बाजूला राहते आणि त्याच्यावरून जातो तो फक्त लीडरचा शेवटचा बारीक भाग. आधी सांगितलेल्या न दिसणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर तुम्ही इथे येता, त्यामुळे वाकणं चुकवू नका. बाजू निवडताना सूर्य बघा. तुमची सावली, आणि हलत्या रॉडची सावली, पुढच्या पाण्यावर पडत असेल तर दुसऱ्या काठाने जा, किंवा ते पाणी दिवसाच्या दुसऱ्या वेळेसाठी सोडा.

वर कास्ट केल्यावर पाणी लाइन तुमच्याकडेच घेऊन येतं. ती त्याच वेगाने ओढून घेतली नाही तर ढील साचते आणि मासा लागला तरी झटका त्याच्यापर्यंत पोचत नाही. फार वेगाने ओढलीत तर फ्लायच हलते. वेग हाताला समजायला दिवस लागतात, पण लहान कास्टने ते फार सोपं होतं. याच्या बदल्यात वर चालण्याचा एक फायदा मिळतो जो कमी लोक सांगतात: तुम्ही मागे आहात, त्यामुळे झटका दिल्यावर गळ माशाच्या तोंडात मागे ओढला जाऊन जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. वरून झटका दिला तर तो पुढे, उघड्या तोंडातून बाहेर निसटायला बघतो.

उलट्या धारेतला मासा

आता तो प्रसंग, ज्याने मला दिशेचा अर्थ नीट समजला.

एका ओढ्यात मोठी शिळा होती. तिच्या खालच्या अंगाला, काठालगत, पाणी वळून संथपणे मागे फिरायचं आणि त्यावर फेसाचा एक गोळा कायम तरंगत असायचा. त्या फेसाच्या कडेला एक चांगला मासा नाक वर काढून किडे टिपायचा, इतक्या हळू की वलयापेक्षा आवाजच आधी कळायचा, चुंबनासारखा. मी तीन वेळा त्याच्यावर गेलो. तिन्ही वेळा खालून, वाकून, पुस्तकात लिहावं तसा. तिन्ही वेळा मी दहा मीटरांवर असतानाच तो नाहीसा झाला.

चौथ्या वेळी रॉड खाली ठेवून काठावर पालथा झोपलो आणि अर्धा तास फक्त बघत राहिलो. फेस वर सरकत होता. ओढा खाली चाललेला, पण त्या कोपऱ्यातलं पाणी शिळेकडे, म्हणजे वर वाहत होतं. आणि मासा त्या पाण्याकडे तोंड करून उभा होता, म्हणजे त्याचं नाक ओढ्याच्या खालच्या अंगाला, ज्या बाजूने मी दर वेळी येत होतो बरोबर त्या बाजूला. मी त्याच्या पाठीमागून येतोय असं समजून तिन्ही वेळा त्याच्या डोळ्यांसमोर चालत गेलो होतो.

मग काठाने लांब वळसा घातला आणि शिळेच्या वरच्या बाजूला आलो. पाण्यात उतरलोच नाही, शिळेआड गुडघ्यांवर बसलो. आता त्याची शेपटी माझ्याकडे होती. जेमतेम चार मीटर अंतर. मुख्य धार मध्ये होती, तिच्यावर लाइन पडली असती तर फ्लाय क्षणात ओढली गेली असती. म्हणून रॉडचं टोक उलट्या पाण्याच्या वर नेऊन लीडर तेवढा फेसावर सोडला. फ्लाय दोन-तीन सेकंद फेसाबरोबर फिरली आणि तोच आवाज आला.

तेव्हापासून माझी सवय अशी: पाण्यात उतरण्याआधी माशाजवळचा फेस, पान, काडी कुठे सरकते ते बघायचं. शिळेमागे, काठाच्या खाचेत, दोन धारा मिळतात त्या कोपऱ्यात, पडलेल्या झाडाआड, अशा जागी हे हमखास उलटं निघतं. तिथे ‘खालून वर’ म्हणजे त्या छोट्याशा धारेच्या खालून वर. वर चालूनही मासे पळत असतील आणि वरचं एकही कारण लागू पडत नसेल, तर बहुतेक तुम्ही उलट्या धारेत चुकीच्या बाजूने शिरताय.

मग खाली चालणारे चुकतात का?

अजिबात नाही. सल्ल्यांचा गोंधळ होतो तो सल्ले वेगवेगळ्या पाण्यांतून आल्यामुळे. स्कॉटलंडचे मासेमारीवरचे लेखक डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी १८५७ मध्ये लहान, नितळ ओढ्यांत वरच्या दिशेने मासेमारी करण्याची बाजू ठामपणे मांडली. पुढे ड्राय फ्लायवर लिहिणारे इंग्रज लेखक फ्रेडरिक हाल्फर्ड आणि त्यांच्या वर्तुळाने दक्षिण इंग्लंडच्या टेस्ट आणि इचेनसारख्या चॉक नद्यांवर (खडूच्या खडकातून झरणाऱ्या नितळ नद्यांवर) ड्राय फ्लाय वरच कास्ट करायची हे जवळजवळ धर्मासारखं केलं, आणि तिथल्या काही भागांत आजही तसा नियम आहे. याउलट सॅमन आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारे मासे) धरणारे मोठ्या नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या खालीच चालत आले. दोघेही आपापल्या पाण्यात बरोबर आहेत.

खाली चालताना पद्धत अशी: धारेला आडवं आणि खाली, ४५ अंशांच्या आसपास कास्ट करा. धार लाइनला ताण देते आणि फ्लाय चाप काढत तुमच्या खालच्या बाजूला येऊन थांबते. तिला तिथे दोन क्षण लटकू द्या, बरेच मासे तेव्हाच लागतात. मग एक किंवा दोन पावलं खाली जा, पुन्हा तेवढंच कास्ट. असं करत सगळं पाणी पट्ट्यापट्ट्याने धुऊन निघतं. इथे मासा तुमच्यापासून १५-२० मीटरांवर असतो, पाणी खोल आणि वेगवान असतं, म्हणून तुमचं दिसणं आणि तुमचा गाळ तितका भोवत नाही. पद्धत चालते ती अंतरामुळे. तेच लहान ओढ्यात, आठ मीटरांवर करायला गेलात तर चालणार नाही. खाली चालणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे गरजेपेक्षा खोल उतरणं. जिथे मासे असतात नेमक्या त्या पाण्यात उभे राहून ते पलीकडच्या काठाकडे कास्ट करतात. पहिलं कास्ट घोट्याएवढ्या पाण्यातून, लहान लाइनने करा.

मासा लागल्याचा हिसका बसला की लगेच रॉड उचलू नका. ताणलेल्या लाइनवर मासा स्वतःच वळतो. वळू द्या, मग रॉड काठाच्या बाजूला न्या.

ड्राय फ्लायही कधी कधी वरूनच द्यावी लागते. अमेरिकेत आयडाहोतल्या हेन्रीज फोर्क नदीसारख्या सपाट, संथ, नितळ पाण्यात माशाला लीडरआधी फ्लाय दिसायला हवी असते. तिथे माशाच्या वर आणि बाजूला, शक्य तितकं लांब थांबतात, लाइन नागमोडी पडेल असं कास्ट करतात आणि ढील सुटत जाईल तशी फ्लाय आधी त्याच्यापाशी पोचते. मासा वर आला नाही तर फ्लाय लगेच उपसू नका. ती त्याला ओलांडून जाऊ द्या, रॉड एका बाजूला झुकवून लाइन त्याच्या रांगेतून बाहेर आणा आणि मगच उचला. या जागी पाऊल टाकायचंच नाही, पायाखालचं सगळं त्याच्याकडेच वाहत जातं.

एक गोष्ट मात्र करू नका. तळ मुद्दाम पायांनी ढवळायचा, निघालेले किडे खायला मासे खाली गोळा झाले की तिथेच फ्लाय सोडायची, असं काही जण करतात. मासे लागतात हे खरं. पण त्या तळात पुढच्या हंगामाचे किडे राहतात, ते घर तुम्ही पायांनी मोडताय.

ओढा ओलांडताना हिशोब वेगळा

इथे मासे विसरा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. नदीचं पाणी मोजणारे लोक एक साधा नियम पाळतात: खोली फुटांत आणि वेग सेकंदाला फुटांत धरून गुणाकार १० किंवा जास्त आला तर पाण्यात उतरायचं नाही. तीन फूट खोल पाणी सेकंदाला साडेतीन फूट वाहत असेल तर उत्तर साडेदहा, म्हणजे नाही. निसरड्या गोट्यांवर मी याच्या बराच आत थांबतो. वेग मोजायला पान टाका आणि दहा फुटांना किती सेकंद लागतात ते मोजा.

ओलांडताना अंगाची बाजू धारेकडे ठेवा, छाती नको. काठी वरच्या अंगाला टेकवा. एका वेळी एकच पाय हलवा आणि पाय एकमेकांवरून नेऊ नका. जोरदार पाण्यात सरळ आडवं किंवा वर चढत जाण्यापेक्षा किंचित खाली तिरकं जाणं सोपं पडतं, म्हणून उतरण्याआधी समोरच्या काठाची जागा थोडी खाली धरा. पण त्या जागेच्या खाली काय आहे ते आधी बघा. खोल डोह, पडलेलं झाड किंवा दगडांची अरुंद फट असेल तर दुसरी जागा शोधा.

खाली चालण्याचा खरा धोका हा आहे, आणि तो माशांशी संबंधित नाही. वाळू-गोट्यांच्या उतरत्या पट्टीवरून खाली जाताना धार पाठीमागून ढकलते, चालणं हलकं वाटतं, पाणी हळूहळू मांडीपर्यंत येतं. मग पट्टी संपते, पुढे खोल असतं, आणि वळून वर यायचं तर तीच धार समोरून. पायाखालचे गोटे सरकायला लागतात. दर दहा पावलांनी वळून चार पावलं वर चढून बघा. चढता येत नसेल तर तिथूनच काठाकडे निघा.

पडलात तर पाठीवर व्हा, पाय खालच्या अंगाला आणि वर ठेवा. वेगात असताना उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडांत अडकला तर पाणी वरून दाबतं. वेडर्सवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक पोशाखावर) कमरेचा पट्टा आवळलेला असू द्या.

जिथे पायच ठेवायचा नाही

ब्राउन ट्राउट शरद ऋतूपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत अंडी घालतात, रेनबो बहुधा वसंतात. मादी शेपटीने बारीक गोटे उकरून खळगा करते, अंडी त्यात पुरते. तो भाग शेजारच्या शेवाळी तळापेक्षा उजळ, धुतल्यासारखा, लांबट गोल दिसतो आणि बहुतेक वेळा डोहाच्या शेपटीजवळच्या उथळ गोट्यांत असतो. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं कित्येक आठवडे त्या गोट्यांत असतात, मादी निघून गेली तरीही. तिथे पडलेलं पाऊल त्यांना चिरडतं. असा भाग दिसला तर पाण्याबाहेर या आणि काठाने पुढे जा. त्यावर थांबलेल्या माशांवर कास्टही करू नका.

दुसरा कोणी पाण्यात असेल तर

तो वर चालत असेल तर त्याच्या पुढच्या पाण्यात उतरायचं नाही. तुम्ही खाली येत असाल तर पाण्याबाहेर तुम्ही पडायचं, काठापासून लांबून वळसा घालायचा, कारण तुमचा गाळ आणि तुमची सावली त्याच्याच माशांवर जाते. सॅमनच्या पाण्यात, जिथे सगळे खाली चालतात, तिथे त्याच्या मागे म्हणजे वरच्या अंगाला उतरायचं आणि त्याच्याच गतीने खाली सरकायचं. शंका असेल तर विचारा. पाण्यावरची बहुतेक माणसं विचारल्यावर जागा देतात.

आणि सगळं करूनही मासे उठलेच, तर लगेच पुढे निघू नका. काठावर बसा आणि वलयं परत यायची वाट बघा. लहान मासे आधी परततात, मोठे उशिरा, कधी वीस मिनिटं, कधी त्याहून कितीतरी जास्त. मी सकाळी ड्राय फ्लाय घेऊन वर चढतो, उठवलेल्या डोहांची मनात नोंद ठेवतो, आणि संध्याकाळी परतताना काठाने खाली येत त्याच डोहांच्या तोंडाशी, पाय कोरडे ठेवून, वेट फ्लाय धारेत सोडतो.